कर्जाआधी फीचा हिशेब करा, सूदाचा प्रश्न त्यानंतर

बारावी आणि सीईटीचा निकाल लागला की शहागंज, किराडपुरा, रोशन गेट भागातल्या घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. फी कुठून आणायची? आणि बँकेचं कर्ज घेतलं तर सूद द्यावा लागेल, त्याचं काय? यावर उत्तर न सापडल्याने मिळालेली सीट सोडणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यात मुली जास्त.

सूदाबद्दल फतवा देणं आमचं काम नाही. सूद हराम, यात वाद नाही. पण मजबुरीत शिक्षणासाठी कर्ज घ्यावं का, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मुफ्तीसाहेबांना जरूर विचारा. फक्त विचारायला जाण्याआधी खरोखर किती पैसे कमी पडतात तो आकडा काढा. बऱ्याच घरांत तो गरजेपेक्षा मोठा धरलेला असतो.

अनुदानित कॉलेजातल्या बीए, बीकॉमला सहसा कर्ज लागत नाही. खरा भार इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सचा. इथे मुलींच्या पालकांनी 8 जुलै 2024 चा शासन निर्णय वाचावा. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जे यादीत नाहीत त्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. तो मुसलमानांना मिळत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते.

पण अट मोठी आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात सीट घेतली की ही सवलत गेली. एजंट हे सांगत नाही, का सांगेल? शिवाय महाडीबीटीवर अर्ज दरवर्षी भरावा लागतो.

आता उरलेली रक्कम. समजा चार वर्षांत दरवर्षी 1 लाख उचलले आणि कोर्सनंतर एक वर्ष सवलतीचं मिळालं. बँकेचा दर 10 टक्के धरला तर हप्ता सुरू होण्याआधीच सरळव्याजाने 1 लाख 40 हजार चढतात. मग 5 लाख 40 हजारांचा दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण 7,100 रुपये, म्हणजे एकूण साडेआठ लाखांवर फेड. त्याच मुदतीला 3 टक्के दर असता तर सुरुवातीचं व्याज 42 हजारच होतं.

हा 3 टक्के दर खरा आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना याच दराने शैक्षणिक कर्ज देतं, आणि आपल्याकडे ते काम मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत चालतं. राज्याच्या या महामंडळाची स्वतःची शैक्षणिक कर्ज योजनाही 3 टक्क्यांचीच आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन चालू वर्षाची कर्जमर्यादा आणि जामीनदाराची अट विचारून घ्या. फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून निकालाची वाट न पाहता आधीच जा.

बँकेतच जावं लागलं तर दोन गोष्टी धरून ठेवा. एक, साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची पत हमी योजना आहे. त्यासाठी घर किंवा सोनं तारण मागितलं तर कारण लेखी द्या म्हणा. दोन, आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल तर शिक्षणकाळ आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, 10 लाखांच्या कर्जापर्यंत. वरच्या उदाहरणातले 1 लाख 40 हजार मग आपल्या खिशातून जात नाहीत. बँक हे आपणहून सांगेलच असं नाही; उत्पन्नाचा दाखला जोडून सवलत मागावी लागते. निवडक नामांकित संस्थांसाठी 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, तिच्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न चालतं.

आणि ज्यांना एक पैसाही सूद द्यायचा नाही, त्यांनी फी माफीनंतर उरलेली रक्कम नातेवाइकांकडे कर्ज-ए-हसना म्हणून मागावी. हॉस्टेल आणि पुस्तकांपुरती रक्कम मागितली तर माणसं देतात. अख्ख्या डिग्रीचे पैसे मागितले की सगळे गप्प होतात. कर्ज सूदाचं असो वा बिनसूदाचं, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस आणि ओबीसींसाठी जात वैधता यांचे अर्ज आजच टाका. कॅपच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रासमोर उभं राहून ते होत नाही.