पंडिता रमाबाई आणि चर्चची सत्ता

पुण्याच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) नाव येते ते मुख्यतः आर्य महिला समाज, शारदा सदन आणि त्या सदनावरून उसळलेला धर्मांतराचा वाद यांच्या संदर्भात; परंतु ज्या निर्भीडपणे त्यांनी येथील शास्त्रीमंडळींना प्रश्न विचारले, त्याच निर्भीडपणे त्यांनी ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांशीही वाद घातला, ही गोष्ट मराठी वाचकांपुढे अभावानेच येते.

१८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केल्यावर पुढील वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या धर्मभगिनींकडे राहिल्या. याच संघाच्या भगिनी पुण्यातही कार्य करीत असल्यामुळे त्यांचा परिचय आधीच झालेला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी तेथे बाप्तिस्मा घेतला, म्हणजे जलसंस्काराने ख्रिस्ती धर्मात प्रवेश केला. हा प्रवेश अँग्लिकन पंथात, इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये झाला, आणि त्या चर्चची सारी व्यवस्था बिशपांच्या, म्हणजे एकेका प्रांताच्या मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या, अधिकारावर उभी होती.

खटका लवकरच उडाला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे येताच मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी त्याला हरकत घेतली, कारण त्यामुळे हिंदुस्थानात रमाबाईंच्या नावाला बट्टा लागेल अशी भीती त्यांना वाटत होती. रमाबाईंचे उत्तर बिनतोड होते: आपल्या वडिलांनी किंवा पतीने स्त्रीने तरुणांना शिकवण्यास कधी हरकत घेतली नाही, मग ती इंग्रजांनी का घ्यावी? हिंदू स्त्री पराधीन आहे असे सांगत फिरणाऱ्या मिशनला हा प्रश्न झोंबणारच होता.

पुढचा वाद सिद्धान्तांचा होता. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन रूपांत एकच देव आहे ही शिकवण, तसेच ती न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावणारा अथनेशियन मतांगीकार त्यांना पटेना. मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटका झाली असताना तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी १८८५ मध्ये दिले. क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत हा त्यांचा आग्रहही याच पत्रव्यवहारातला. हिंदुस्थानी ख्रिश्चनाला लॅटिनचे सोवळे कशाला, असा त्याचा रोख होता. गंमत अशी की ही पत्रे जपून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच, आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रकाशित झाली.

पुण्यात परतल्यावर दोन्ही बाजूंचा मारा चुकला नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीचे निवासी विद्यालय, पुढच्याच वर्षी पुण्यात आले. तेथे उघड धर्मप्रचार होत नाही म्हणून मिशनरी नाराज होते, तर विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाईंना केवळ बंडखोर ठरवणे मात्र एकांगी होईल. १८९० च्या दशकात त्यांची श्रद्धा पारंपरिक ख्रिस्ती सिद्धान्तांच्या बरीच जवळ गेली आणि पूर्वीच्या अनेक शंका मिटल्या. कोणत्याही एका पंथाच्या हुकमतीखाली जायचे नाही, हा निश्चय तेवढा कायम राहिला. दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन, म्हणजे निराधार स्त्रियांचा आश्रम, त्यांनी त्याच धोरणाने चालवले. उपलब्ध मराठी बायबल साध्या बायकांना जड जाते हे पाहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतःच भाषांतर केले, आणि ते केडगावच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून छापले गेले.

इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा प्रथम १९९४ मध्ये दिली. त्याच चर्चच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणासाठी राखलेला आहे. तेथे त्यांची ओळख धर्मग्रंथाच्या भाषांतरकार एवढीच दिली आहे, बिशपांशी झालेल्या वादाचा उल्लेख नाही.