अंदाजपत्रकातील ‘अनपेक्षित खर्च’ म्हणजे काय?



मागील अंकात आपण नव्या भोजनगृहाचे अंदाजपत्रक छापले होते. 24 लाखांच्या बांधकामाखाली एक ओळ होती : ‘आराखड्यातील अनपेक्षित खर्च, 10 टक्के – 2 लाख 40 हजार’. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एका काकांनी मला थांबवले. “ताई, जो खर्च अनपेक्षित आहे, त्याचा आकडा तुम्हाला आधीच कसा कळला? हे पैसे ठेकेदाराच्या खिशात तर जात नाहीत ना?” प्रश्न रास्त होता. दान देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे, म्हणून हे उत्तर.

नवापूर तालुक्यात मुलींचे वसतिगृह बांधताना आम्ही अशी तरतूद केली नव्हती. ‘कदाचित लागतील’ म्हणून दानाचे पैसे मागणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे मीच समितीत बोलले होते. माती परीक्षणाचे पैसेही आम्ही वाचवले. शेजारच्या विहिरीत पाच फुटांवर मुरूम दिसत होता, म्हणून पायाही तेवढाच धरला. खोदाई झाली तेव्हा एका बाजूला पाच फुटांवर मुरूम लागला; दुसऱ्या बाजूला नऊ फुटांपर्यंत काळी मातीच होती.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे जातात. इंजिनिअरने आरसीसी डिझाइन नव्याने केले : खोल फूटिंग, जोत्याला जड बीम, जास्त सळई. खर्च 2 लाख 60 हजारांनी वाढला आणि ते पैसे आमच्याकडे नव्हते. काम थांबले. जूनमध्ये खड्ड्यांत पाणी भरले, सळईला गंज चढला. मुली आणखी एक वर्ष पत्र्याच्या खोलीत राहिल्या. रात्री पाऊस आला की अंथरुणे गुंडाळून कोपऱ्यात बसत. त्यातल्या तिघी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आल्याच नाहीत. घरच्यांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेल्या.

लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला मी कितीतरी वेळा शिकवला होता. आमच्या अर्धवट जोत्याजवळ उभी राहिले तेव्हा तो मला खरा कळला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नकाशा कितीही चांगला असला तरी तो काम सुरू होण्यापूर्वीच्या माहितीवर काढलेला असतो. पुढे होणारी वाढ चार प्रकारची असते, आणि हे चार प्रकार वेगळे ठेवले नाहीत तर हिशेब बिघडतो.

पहिला प्रकार जमिनीचा. वर सांगितला तो हाच.

दुसरा प्रकार नकाशातील उणिवेचा. उदाहरणार्थ, आमच्या नकाशात न्हाणीघराच्या बाजूचा एक बीम दाखवायचा राहिला होता. तेव्हा काही जण म्हणाले, “चूक इंजिनिअरची, पैसे त्यानेच द्यावेत.” पण विचार करा : तो बीम पहिल्याच नकाशात असता तरी त्याचे सिमेंट आणि सळई आपल्यालाच घ्यावी लागली असती. तो खर्च मुळातच आपला होता, फक्त उशिरा दिसला. मात्र बांधलेली भिंत फोडून पुन्हा बांधावी लागली, त्या तोडफोडीचा खर्च आपला नव्हता. तो आम्ही इंजिनिअरकडे मागितला आणि त्यांनी फीमधून कमी केला. ही विभागणी आता आम्ही त्यांच्या करारातच लिहून घेतो.

तिसरा प्रकार आपल्या हौसेचा. “खिडकी मोठी करा, व्हरांडा वाढवा.” याला अनपेक्षित म्हणता येत नाही. त्यासाठी समितीने वेगळे पैसे उभे करावेत. चौथा प्रकार सिमेंट-सळईच्या भाववाढीचा. त्याचीही ओळ वेगळीच हवी. आपली 10 टक्के तरतूद फक्त पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

मग 10 टक्केच का? आपल्याला जितके कमी ठाऊक, तितकी तरतूद जास्त. कच्चा आराखडा असताना आम्ही 10 टक्के धरतो. माती परीक्षण होऊन सर्व नकाशे पूर्ण झाले की ती 5 टक्क्यांवर आणतो. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला मात्र 15 टक्क्यांपर्यंत धरतो, कारण गिलावा काढल्याशिवाय आतली भिंत दिसत नाही. माती परीक्षणाचा खर्च पाया बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो. काळी माती खोल आहे हे आधी कळले तर पर्यायही आधी तपासता येतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम पाइल हा त्यातला एक. या पाइलला खाली फुगीर कंद असतो. तो बुंध्याच्या साधारण अडीचपट रुंद असतो आणि मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली इमारतीला धरून ठेवतो.

आता काकांच्या दुसऱ्या शंकेबद्दल. ही रक्कम ठेकेदाराच्या कराराच्या रकमेत नसते. ती संस्थेच्या खात्यात राहते. तिला हात लावण्यासाठी आमचे नियम असे :

1. इंजिनिअरने कारण, मोजमाप व खर्च लेखी द्यावा. तोंडी सांगितलेल्या जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत, हे करारात लिहिलेले असते.

2. दर करारातलाच. करारात नसलेल्या कामाला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीचा आधार घ्यावा. जादा कामावरही 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच आकडा मांडावा.

3. समितीतील दोघांची सही झाल्यावरच काम सुरू व्हावे.

4. पाया जोत्यापर्यंत आला की उरलेल्या तरतुदीचा पुन्हा आढावा घ्यावा. जमिनीचा धोका तेव्हा बराचसा संपलेला असतो.

5. शेवटी शिल्लक राहिलेली रक्कम या पत्रकात जाहीर करावी आणि दात्यांना विचारूनच दुसरीकडे वापरावी.

भोजनगृहाच्या जागेचे माती परीक्षण आम्ही आधीच करून घेत आहोत. अहवाल आल्यावर 2 लाख 40 हजारांपैकी किती ठेवायचे आणि किती कमी करायचे, ते पुढील अंकात कळवीन. काकांना मी हेच सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग अहवाल आला की मलाही दाखवा.” जरूर दाखवीन. आपल्यापैकी कोणालाही पाहायचा असेल, तर कार्यालयात या.

मुलांना अजून उघड्यावर जेवावे लागते. त्यांच्या ताटावर पावसाआधी छप्पर यावे आणि काम मध्येच थांबू नये, यासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण