औषधनिर्मितीचें विद्यापीठीय शिक्षण आणि गडब येथील एक बाड

पेण तालुक्यांतील गडब गांवीं एका वैद्यघराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. त्यांत काढे, चूर्णें व मात्रा यांच्या कृतींचें एक मोडी बाड निघालें. अक्षर सुवाच्य आहे, पण कृतींत जागोजाग ‘पल’ एवढेंच लिहिलेलें. तें पल मागध कीं कालिंग, याचा उलगडा नाहीं. शार्ङ्गधरानें दोन्ही मानें दिलीं आहेत. मागध मानाचा कर्ष १६ माषांचा व माष ६ गुंजांचा, म्हणजे कर्ष ९६ गुंजा. कालिंग मानाचा कर्ष १० माषांचा व माष ८ गुंजांचा, म्हणजे ८० गुंजा. सहाव्या हिश्शाचा हा फरक बेहेड्याच्या चूर्णांत खपेल, बचनागांत खपणार नाहीं.

द्रव्याच्या नांवाची अडचण याहून मोठी. ‘रास्ना’ म्हणून उत्तरेंत एक वनस्पति घेतात, दक्षिणेंत कुलंजनाची मुळी घेतात, आणि बंगालांत झाडावर वाढणारें आमर घेतात. गुरूच्या घरीं राहून शिकणाऱ्या शिष्यास हें हातांत देऊन दाखविलें जाई. पोथींत तें उतरत नसे. पनवेल येथें १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं धूतपापेश्वर हा कारखाना काढला. औषध एकदां घरच्या खलांतून कारखान्यांत गेलें, कीं मान व द्रव्य यांची निश्चिति एकट्या वैद्याच्या स्मरणावर सोंपवितां येत नाहीं.

विलायती औषधांच्या बाजारांतही भेसळ कमी नव्हती. १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली व पुढील वर्षीं तिचा अहवाल झाला. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ पासून महादेवलाल श्रॉफ यांनीं या विषयाचें अध्यापन सुरू केलें. पदवीचा स्वतंत्र क्रम १९३७ चा. मुंबई विद्यापीठानें १ ऑक्टोबर १९३३ रोजीं रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग स्थापिला. आरंभीं तेथें रासायनिक अभियांत्रिकी व वस्त्ररसायन हे दोनच विषय होते, औषधशास्त्राची शाखा मागून निघाली. १९४३ सालीं हा विभाग माटुंग्यास गेला. २००८ पासून तो स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. केवळ औषधनिर्मितीसाठीं वाहिलेलें महाविद्यालय मुंबईस १९५७ सालीं निघालें. कलिन्याचें हें बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी विद्यापीठानें नव्हे, तर औषधव्यवसायी मंडळींच्या संस्थेनें काढलें, व विद्यापीठाशीं तें संलग्न झालें, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. मधल्या काळांत १९४० चा औषधांचा कायदा व १९४८ चा फार्मसीचा कायदा हे दोन्ही झाले होते, आणि नुसत्या अनुभवी कंपौंडरावर भागण्याचे दिवस सरत चालले होते.

पोथीसंग्राहकांस याचें काय, असें कोणी विचारील. १९४० च्या कायद्यास १९६४ सालीं दुरुस्ती होऊन आयुर्वेदीय औषधें त्यांत आलीं, आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत प्रमाणग्रंथांची यादी घातली गेली. चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर हे तींत आहेत. गडबचें बाड अर्थातच नाहीं. अशा बाडांतील कृतीस शास्त्रोक्त औषधाचें स्थान मिळत नाहीं. महाविद्यालयांत ती शिकविली जात नाहीं, कारखान्यांत होत नाहीं, आणि घरीं वैद्यकी करणारा उरला नाहीं. तेव्हां तिला आतां संग्राहकाखेरीज वाली नाहीं, आणि संग्राहक तर वैद्यकाचीं बाडें बखरी व सनदा निवडून झाल्यावर रद्दींत टाकतात! निदान मानांच्या टीपा, वनस्पतींचीं स्थानिक नांवें व समासांतील मजकूर तरी नकलून ठेवावा. बाड सोडवून सुटीं पानें करूं नयेत.

आमच्या शंकेचें उत्तर समासांतच सांपडलें. बाडाच्या मध्यावर, निराळ्या हातानें, ‘पल १ तोळे ३ मासे ४’ अशी टीप आहे. तोळा १२ माशांचा व मासा ८ गुंजांचा धरतां या ३२० गुंजा होतात. चार कालिंग कर्षांचें पल बरोबर एवढेंच भरतें. मागध पल पुरे ४ तोळे भरलें असतें.