सुगीत बिडी बांधायला बंदी

कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ‘चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश सरकार’ हा खटला विचारा. अनुच्छेद १९, वाजवी निर्बंध, न्यायमूर्ती मेहरचंद महाजन, साल १९५०, एवढं तो झोपेतही सांगेल. खटला कशावरून झाला, असं विचारलं की मात्र अडखळेल. तो झाला बिडीवरून. शेतीच्या हंगामात खेड्यातल्या माणसाने बिड्या बांधाव्यात की नाही, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय बसलं होतं.

भंडाऱ्याच्या बिडीबद्दल छापलेलं काहीही दिसलं की वाचायचं, ही माझी जुनी खोड. त्या नादात हा निकाल पुन्हा हाती आला आणि त्याने मला बरेच दिवस सोडलं नाही. खटला सागर जिल्ह्यातला असला, तरी ज्या कायद्याखाली तो उभा राहिला तो अख्ख्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा होता, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याचाही. गोंदिया त्या वेळी भंडाऱ्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला.

बिडी आपल्याकडे कशी आली ते इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. जंगलात तेंदू, गोंदियाला रेल्वेचं जंक्शन, गुजरातहून आलेले व्यापारी आणि गिरणीच्या कापडापुढे माग बंद पडलेले कोष्टी नि महार विणकर. रोवणी आणि कापणी यांच्यामधले रिकामे महिने ज्या घरात उपाशी जायचे, त्या घरात सूप, कात्री आणि पत्र्याचा फर्मा आला. सट्टेदार पान, तंबाखू आणि सूत मोजून द्यायचा, हजारावर मजुरी ठरायची आणि बिड्या परत घेताना छाट काढायचा. छाटलेल्या बिडीचे पैसे नाहीत आणि छाट किती, हे सट्टेदाराच्या मनावर.

या सट्टेदाराविरुद्ध ज्या माणसाने मजूर उभे केले, तो कामठीचा बाबू हरदास एल. एन., म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे. जन्म ६ जानेवारी १९०४. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे म्हणून त्यांचं नाव अलीकडे पुन्हा घेतलं जातं, ते योग्यच. पण त्यांच्या आयुष्यातलं रोजचं काम बिडीमजुरांचं होतं. कामठी, नागपूर, रामटेक या पट्ट्यात त्यांनी बिडीमजुरांची संघटना बांधली. १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ ला क्षयाने वारले. वय अवघं पस्तीस. बाबासाहेब १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं. बिडीमजुरांचे हरदास मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. हरदास निवडून गेले त्याच १९३७ मध्ये प्रांतात ‘अनियंत्रित कारखाने कायदा’ झाला. तो बिडी, लाख आणि चामडं कमावण्याच्या जागांसाठी होता. त्यात बायका-मुलांच्या कामावर काही बंधनं आली. पण ती कारखान्यातल्या मजुराला. घरच्या ओसरीवर फर्मा घेऊन बसलेली बाई त्यातून सुटली.

आणि मग १९४८ चा कायदा. नावच लांबलचक: मध्य प्रांत व वऱ्हाड बिडी उत्पादन नियमन (शेतीविषयक प्रयोजने) कायदा. बिडीच्या भागात शेतीला पुरेसे मजूर मिळावेत, हा त्याचा उघड हेतू. डेप्युटी कमिशनरने गावं नेमायची, शेतीचा हंगाम जाहीर करायचा. त्या काळात त्या गावात राहणाऱ्या कोणीही बिडी बांधायची नाही आणि कारखानदारानेही कोणाला कामावर लावायचं नाही. अन्नटंचाईचे दिवस होते, हे मान्य. तरी हा कायदा वाचताना मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, आवाज ऐकू येतो. मजूर शेतावर येत नाही, कारण बिडीत सावलीला बसून दोन पैसे सुटतात. मग मजुरी वाढवायची की बिडी बंद करायची? सरकारने दुसरा रस्ता धरला. शेतमजुरीचा दर वाढवावा, ही साधी गोष्ट त्या कायद्यात नाही.

सागरच्या डेप्युटी कमिशनरने १३ जून १९५० ला असा हुकूम काढला. त्याविरुद्ध दोन अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, एक बिडी कारखान्याच्या मालकाचा आणि दुसरा बिडीमजुराचा. एरवी एकमेकांसमोर उभे राहणारे हे दोघे इथे एकाच बाजूला! सुनावणी होईपर्यंत पहिला हंगाम संपला, म्हणून ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या काळासाठी दुसरा हुकूम आला. निकाल लागला ८ नोव्हेंबरला. बंदीचे दहा दिवस उरले होते.

निकाल छोटासा आहे. न्या. महाजन म्हणतात ते थोडक्यात असं: हेतू शेतीला मजूर पुरवण्याचा असेल तर शेतमजुरांपुरतं बंधन घाला किंवा बिडीकामाचे तास ठरवा, सरसकट बंदी कशाला? गावात अपंग आहेत, अशक्त माणसं आहेत, मुलं आहेत, म्हाताऱ्या बाया आहेत, किरकोळ दुकानदार आहेत. ते शेतावर जाऊ शकत नाहीत, त्यांचाही धंदा या कायद्याने बुडतो. कायदा घटनाबाह्य ठरला.

निकाल बरोबर आहे. पण ती यादी पुन्हा वाचा. त्यात मुलंही आहेत. बिडी बांधून पोट भरणारी मुलं हा त्या काळी धक्का बसण्याचा विषय नव्हता. मुलांची मिळकत बुडते, हा कायद्याविरुद्धचा मुद्दा झाला. सरकारला मजुरांचे हात भाताच्या बांधीत हवे होते, कारखानदाराला सुपापाशी. त्या हातांना दिवसाकाठी काय पडतं, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच न्यायालयापुढे नेला नव्हता.

तो प्रश्न पुढे वेगळ्याच रूपात आला: बिडी बांधणारा ‘कामगार’ आहे का? १९५८ मध्ये पुन्हा सागरचाच, पुन्हा चिंतामणराव याच नावाचा खटला; त्यात सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार आणि त्याची माणसं कारखान्याची कामगार नव्हेत, असं ठरलं. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात डिसेंबर १९६० मध्ये कारखान्यात बसून बिड्या बांधणाऱ्यांना कामगार मानून पगारी रजेचा हक्क मिळाला. वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे खटल्यात बहुमताने उलट कौल. तीच बिडी, तोच हजाराचा दर, तेच न्यायालय.

मजुराला असं कायद्याबाहेर ठेवणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९३५ चा संघटनेच्या हक्काचा कायदा झाला, तेव्हा शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबणारे मेक्सिकन मजूरही तिथल्या सट्टेदाराच्या हाताखाली, नगावर मजुरी घेणारे. १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलियाँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, सीझर चावेझ यांची माणसं आठवड्याभरात त्यात उतरली. १९६६ च्या वसंतात ते डेलानोहून सॅक्रमेंटोपर्यंत चालत गेले. आपला बिडी व सिगार कामगार कायदाही १९६६ चाच. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांना संघटनेचा कायदा मिळायला मात्र १९७५ उजाडलं.

१९६६ च्या कायद्याने ओसरीवरच्या बाईला कामगार म्हटलं. सट्टेदाराने दिलेला माल घरी बांधणारीही त्यात आली आणि मूळ मालकावर जबाबदारी गेली. मालकांनी त्याला आव्हान दिलं. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी खटल्यात कायदा टिकला. १९७६ मध्ये बिडीवरच्या उपकरातून कल्याण निधी आला: दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं. ओळखपत्र हाती असलं तर. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकरच गेला. बिडीच्या पैशाने या भागात कॉलेजं उभी राहिली हेही खरं. बिडी कारखानदार मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. पण देणगी दात्याच्या मर्जीची असते आणि मजुरी हक्काची. माझ्या जिल्ह्यात पहिलीचेच सत्कार जास्त झाले.

१९६६ च्या कायद्यात एक ४३ वं कलम होतं. स्वतःच्या घरात, घरच्यांच्या मदतीने माल तयार करणाऱ्याला हा कायदा लागू नाही. अट एवढीच की तो कोणा मालकाचा कामगार नसावा. दिसायला निरुपद्रवी. पण सट्टेदाराने पान-तंबाखू ‘दिली’ न म्हणता ‘विकली’ म्हटलं आणि बिड्या ‘विकत घेतल्या’ म्हटलं, की ती बाई कागदावर स्वतःचा धंदा करणारी होते. विक्री-खरेदीची ही पद्धत बिडीच्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विरघळला. तिथलं ७७ वं कलम काढून पाहा: घरात स्वयंरोजगार करणाऱ्याला बिडीविषयीचा हा भाग लागू नाही.