‘घरघर’ की ‘शिट्टी’? बालदम्याची प्रश्नावली मराठीत येताना

मुळशी हा पुणे जिल्ह्यातील एकच तालुका. पण त्यात दोन जगे नांदतात. पूर्वेला हिंजवडीची आयटी नगरी आणि बावधन, भूगावची गृहसंकुले. पश्चिमेला ताम्हिणीच्या पावसात भिजणारी भातखाचरे, धनगरवाडे आणि कातकरी वस्त्या. दोन्हीकडच्या आयांना ‘तुमच्या मुलाला दमा आहे का?’ असे विचारले, तर दोघींचेही उत्तर ‘नाही’ असे येऊ शकते. एकीला ‘ॲलर्जिक खोकला’ असे सांगितलेले असते. दुसरीच्या मते पावसाळ्यात पोराची छाती भरते, एवढेच. आजार मात्र एकच असू शकतो.

दम्याचे निदान रक्ताच्या एखाद्या तपासणीने होत नाही. फुफ्फुसांची क्षमता मोजण्यासाठी यंत्रात जोराने फुंकावे लागते आणि लहान मुलांना ते नीट जमत नाही. शिवाय तपासणीच्या दिवशी मूल अगदी ठणठणीत असू शकते. म्हणूनच मोठ्या पाहणीत लक्षणांविषयीच्या प्रश्नावलीवर भर द्यावा लागतो. १९९१ साली सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने अशी छोटी प्रश्नावली जगभर वापरली. पुणे आणि मुंबई येथेही त्याची केंद्रे होती. ५६ देशांतील १३-१४ वर्षांच्या ४ लाख ६३ हजार ८०१ मुलांची माहिती १९९८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ठिकाणाठिकाणी लक्षणांच्या प्रमाणात अनेक पटींचा फरक आढळला. यातील किती फरक आजाराचा आणि किती भाषेचा, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नावलीचा कणा म्हणजे इंग्रजीतील ‘व्हीझ’ हा शब्द. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून, विशेषतः श्वास सोडताना, येणारा बारीक, शिट्टीसारखा आवाज असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला एकच नेमका शब्द नाही. ‘घरघर’ म्हणावे, तर सर्दीने चोंदलेले नाक आणि घशातील कफही घरघरतो; शिवाय ‘अखेरची घरघर’ या वाक्प्रचाराची छाया त्यावर असतेच. ‘धाप लागणे’ म्हणावे, तर चढण चढणाऱ्या कोणालाही धाप लागते. ‘दम लागणे’ आणि ‘दमा’ हे शब्द इतके जवळचे आहेत, की उत्तर देणारा गोंधळतो. त्यामुळे ‘श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो का?’ असे वर्णन करून विचारणे अधिक सुरक्षित ठरते. ‘आयझॅक’नेही ही अडचण ओळखून एक चित्रफीत वापरली होती. मुलांना लक्षणे पडद्यावर दाखवायची आणि ‘तुझा श्वास कधी असा झाला होता का?’ एवढेच विचारायचे.

अडचण एका शब्दापुरती नाही. ‘गेल्या बारा महिन्यांत’ या मुदतीपेक्षा ‘मागच्या भातलावणीपासून’ किंवा ‘मागच्या दिवाळीपासून’ असे विचारले, तर आठवण पक्की होते. ‘सर्दी किंवा छातीतील संसर्गाचा खोकला वगळता रात्री कोरडा खोकला येतो का?’ हे वाक्य इंग्रजीच्या वळणाचे आहे; त्याचे दोन सोपे प्रश्न करावे लागतात. व्यायामानंतरच्या त्रासाबद्दल विचारताना शहरातील मुलासाठी मैदानावरील खेळ, तर डोंगरावरील वस्तीतल्या मुलासाठी शाळेची चढण हे उदाहरण योग्य. प्रश्नात केवळ ‘मुलाला’ म्हटले, तर मुलीचा विचार मागे पडण्याची शक्यता असते. त्यातच ‘दमा’ हा शब्द उच्चारायला अनेक घरे कचरतात. मुलगी असेल तर लग्नाची चिंता आधीच उभी राहते. त्यामुळे आधी लक्षणे विचारावीत आणि आजाराचे नाव शेवटी घ्यावे, हे बरे.

अशा रूपांतराची पद्धत आता सर्वमान्य आहे. दोन व्यक्ती स्वतंत्रपणे भाषांतर करतात. त्यातून एक मसुदा तयार होतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती त्याचे पुन्हा इंग्रजी करते. तज्ज्ञ दोन्ही मजकूर ताडून पाहतात आणि शेवटी तीस-चाळीस जणांवर चाचणी घेतली जाते. यातील शेवटची पायरी सर्वांत मोलाची. ‘घरघर’चे पुन्हा इंग्रजी केले, तर ‘व्हीझ’च हाती येईल आणि कागदावर भाषांतर अचूक ठरेल. ऐकणाऱ्या आईला त्यातून काय समजले, हे मात्र तिलाच विचारावे लागते. ‘या प्रश्नाचा अर्थ तुम्ही काय घेतला?’ किंवा ‘तो आवाज काढून दाखवाल का?’ अशा साध्या विचारणेतून मसुद्यातील चुका उघड होतात.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. मुले आणि त्यांचे पालक यांच्या भारतातील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. श्वासात असा आवाज येत असलेल्यांपैकी ८२ टक्के जणांच्या दम्याचे निदानच झालेले नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के होते. निदान नाही, म्हणून श्वासावाटे घ्यायचे नियमित औषध नाही. मग दर पावसाळ्यात खोकल्याच्या बाटल्या, बुडालेली शाळा आणि जागून काढलेल्या रात्री. प्रश्नावली निदान करत नाही. कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचे, एवढेच ती सांगते. पण प्रश्नच आईच्या भाषेत विचारला गेला नाही, तर ते मूल डॉक्टरांपर्यंत पोहोचणारच नाही.