चिखल उपसणारे हात : जपान, २०११

आपत्ती : ११ मार्च २०११, ईशान्य जपान. ९.० तीव्रतेचा भूकंप, पाठोपाठ त्सुनामी. इशिनोमाकी, ओफुनातो येथे परदेशी स्वयंसेवकही राबले.

नोंदणी : स्थानिक स्वयंसेवक केंद्रात. घरमालकाच्या मागणीनुसार कामाचे वाटप.

काम : भिजलेल्या तातामी चटया बाहेर काढणे. जमिनीच्या फळ्या उचकटून खालचा गाळ फावड्याने उपसणे, पोत्यांत भरणे. सापडलेले फोटो धुऊन परत करणे.

साधने : गमबूट, त्यात खिळ्यांपासून बचावासाठी पोलादी पत्र्याचा तळ, जाड हातमोजे, मास्क, गॉगल.

फरक : शोध आणि बचाव हे प्रशिक्षित पथकांचे काम. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) ४६ जणांचे पथक ओनागावात होते. घरसफाई त्यानंतरची.

खर्च : प्रवास, जेवण, मुक्काम स्वतःचा. विमा हवाच.

नियम : घरमालकाला विचारल्याशिवाय एकही वस्तू फेकू नये.