सार्जंटने ओळ पुरी केली

वाळवा तालुक्यात अकरावीला इंग्रजी शिकवताना मी दरवर्षी एका धड्याची वाट बघतो. २०१९ साली आलेल्या ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात लेडी ग्रेगरींची ‘द रायझिंग ऑफ द मून’ ही एकांकिका आहे. पहिला प्रयोग १९०७ सालचा, डब्लिनच्या ॲबे थिएटरातला. इंग्रजांच्या अमलाखालच्या आयर्लंडमध्ये एक क्रांतिकारक तुरुंगातून निसटलाय, त्याच्यावर शंभर पौंडांचं बक्षीस आहे. धक्क्यावर पहारा देणाऱ्या सार्जंटपुढे तोच फाटक्या शाहिराच्या वेशात येतो. दोघं एका पिंपावर पाठीला पाठ लावून बसतात.

वर्गात पिंप कुठून आणणार? दोन मुलांना बाकावर तसं बसवतो. शाहीर देशभक्तीचं जुनं गाणं म्हणताना एक ओळ गाळतो आणि सार्जंट ती चटकन पुरी करतो. तिथं मी पुस्तकं मिटायला लावतो. “त्याला ती ओळ कशी ठाऊक?” डायजेस्ट पाठ असलेली मुलंही गप्प. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, अंगावर वर्दी चढायच्या आधी तोही गातच असणार की!”

साहित्याच्या तासाला शिकायचं ते हे. लेखकाने उघड न सांगितलेलं त्याच्याच शब्दांतून हुडकायचं आणि कुणी “कशावरून?” म्हटलं की ओळीवर बोट ठेवायचं. रसग्रहणाचे गुण त्यामागून येतात.

आमच्या मुलांना हे नाटक परकं वाटत नाही. एकाची पणजी इंग्रजांविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या पत्री सरकारच्या भूमिगतांना रात्री ज्वारीच्या रानात भाकरी पोचवायची. गावच्या पोलीसपाटलाला ते माहीत होतं, पण तो कधी बोलला नाही. वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. पत्री सरकारचे नेते नाना पाटील यांचं येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यातलं. २४ जुलै १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निसटले, पण गोळी लागून पकडले गेले. हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, “सर, दादांच्या वाटेत असा सार्जंट असता तर?”

मग वर्ग पुन्हा पुस्तकाकडे वळला. शेवटी सार्जंट शाहिराला पकडून न देता त्याचा टोप पाठीमागे लपवतो, ती जागा त्या दिवशी मुलांनी तीनदा वाचली.

हा धडा मी दिवाळीनंतर घेतो. ज्यांच्या घरी त्रेचाळीसच्या आठवणी आहेत, त्यांनी त्या दिवाळीच्या सुट्टीतच मुलांना सांगून ठेवाव्यात.